एका खिचडीचा भूतकाळ

शाळेत संस्कृत घेतलेल्या माणसाला वाटतं, की आता जगातलं कुठलंही क्रियापद आपलं काही वाकडं करू शकत नाही. मीही त्याच तोऱ्यात माद्रिदला आले. नवऱ्याच्या कंपनीने त्याला तीन वर्षांसाठी इथे पाठवलं आणि मी नेसत्या वस्त्रांनिशी, म्हणजे प्रेशर कुकर, पोळपाट-लाटणं आणि दोन किलो गोडा मसाला घेऊन त्याच्यामागे निघाले. ‘अगं, स्पॅनिशमध्ये तर द्विवचनसुद्धा नाही,’ असं मी विमानतळावरूनच बहिणीला कळवलं होतं. गच्छति गच्छतः गच्छन्ति म्हणत डोललेल्या बाईला द्विवचन नाही म्हणजे एक तृतीयांश अभ्यासक्रम रद्दच की.

स्पॅनिशच्या वर्गात पहिल्या दिवशी आमच्या बाईंनी फळ्यावर तीन क्रियापदं लिहिली. आब्लार, कोमेर, बिबीर. बोलणं, खाणं, राहणं. परक्या देशात आलेल्या माणसाला आणखी काय लागतं! ही तिन्ही ‘रेगुलार’, म्हणजे सरळ घराण्यातली, असं त्या म्हणाल्या. शेवटचं आर, एर नाहीतर ईर छाटायचं आणि तिथे कर्त्याप्रमाणे शेपूट लावायचं. मी आब्लो, तू आब्लास, तो आब्ला, आम्ही आब्लामोस, तुम्ही आब्लाइस, ते आब्लान. आरवाल्यांची शेपटं वेगळी. एर आणि ईर या सख्ख्या जावा, भांडी बरीचशी सामायिक, पण ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ आले की लगेच चुली वेगळ्या. हा झाला नुसता वर्तमानकाळ. साधे म्हणावेत असे काळच पाच. प्रत्येकाची सहा रूपं, म्हणजे एका क्रियापदाची 30. तीन घराणी, 90. जोडकाळ बाजूलाच राहू देत, त्यांची नावं रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखी लांब असतात. आणि हे सगळं सरळ घराण्यांचं. वाकड्यांची यादी बाईंनी दाखवली तेव्हा आमच्या वर्गातला एक मोरोक्कन मुलगा पाणी प्यायला म्हणून गेला तो दुसऱ्या दिवशीच उगवला.

1492 साली कोलंबस समुद्रात निघाला हे आपल्याला शाळेत शिकवतात. त्याच वर्षी नेब्रिहा नावाच्या पंडिताने स्पॅनिशचं व्याकरण छापून इसाबेल राणीला अर्पण केलं, हे शिकवत नाहीत. त्या दोघांत जास्त धाडसी कोण, यावर माझं मत आता ठाम आहे.

दुसऱ्या आठवड्यात मी नवऱ्याला खाल्लं. झालं असं, की बाईंनी प्रत्येकाला विचारलं, मांस खाता का? मला सांगायचं होतं, ‘नाही, माझ्या नवऱ्यासारखीच.’ ‘सारखं’ला स्पॅनिशमध्ये म्हणतात कोमो. आणि ‘मी खाते’ यालाही म्हणतात कोमो. मी छातीठोकपणे म्हटलं, ‘नो. कोमो मि मारीदो.’ वर्गात हशा. नाही, मांस नाही, नवरा खाते. बाईंनी डोळे पुसत समजावलं, की तसं काही भिण्याचं कारण नाही, स्पॅनिशमध्ये माणसाला खायचं तर त्याच्या आधी ‘आ’ लागतो. मी ‘आ’ केला नव्हता म्हणून नवरा वाचला.

पण बाईंचाही एकदा सूड घेतला मी. आपापल्या भाषेतलं एक क्रियापद फळ्यावर चालवून दाखवा, असं त्या म्हणाल्या. मी खडू घेतला आणि ‘खाणं’ मांडलं. मी आंबा खाल्ला. मी पोळी खाल्ली. मी केळं खाल्लं. मी आंबे खाल्ले. बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, कर्ता तोच, मग शेपूट का बदलतंय? म्हटलं, ते कर्त्याचं नाहीच, खाल्लेल्या वस्तूचं आहे. कोणी खाल्लं यापेक्षा काय खाल्लं हे आमच्याकडे महत्त्वाचं. ‘आणि खाणारा पुरुष असेल तर?’ तरी पोळी खाल्लीच. ‘पण वर्तमानकाळात?’ तिथे मात्र तो खातो, ती खाते. बाईंनी खडू माझ्या हातातून हळूच काढून घेतला. त्या दिवसापासून त्या मला जरा कमी गृहपाठ देतात असं मला वाटतं.

भविष्यकाळाच्या मी प्रेमात पडले. एक तर काही छाटायचं नाही, अख्ख्या क्रियापदाला शेपूट लावायचं, आणि तिन्ही घराण्यांना तेच. आब्लारे, कोमेरे, बिबिरे. बाई म्हणाल्या, हे मुळात दोन शब्द होते, ‘बोलायचं’ आणि ‘आहे मला’, चिकटून एक झाले. म्हणजे आपलं ‘बोलायचंय मला’च की! आठ दिवस मी भिंतीवर तक्ते लावून तो पाठ केला. नवव्या दिवशी बाजारात गेले तर तिथे तो काळ कोणी वापरतच नव्हतं. सगळे आपले ‘बोय आ’, म्हणजे ‘चाललेय करायला’ म्हणून मोकळे होत होते. भविष्यकाळ मला पहिल्यांदा भेटला तो फोनवर. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, प्लंबरच्या दुकानात विचारलं, कुठे आहे तुमचा माणूस? उत्तर आलं, ‘एस्तारा एन कामीनो.’ मी रूप ओळखलं, आनंदाने नळाखाली बादली लावून बसले. संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी बाईंनी खुलासा केला, की हा भविष्यकाळ नव्हे, हा अंदाज. ‘वाटेत असेल.’ मराठी बाईला हे कळू नये म्हणजे कमाल झाली. ‘असेल’ म्हणणाऱ्या माणसाला कसलीही माहिती नसते, हे आपण कळायला लागल्यापासून जाणतो.

खरा घात केला तो भूतकाळांनी. तो एक असता तर निभावलं असतं, पण ते आहेत दोन. एक घडून संपलेल्या गोष्टीचा, दुसरा पूर्वी नेहमी घडत असलेल्या गोष्टीचा. दुसरा मला पटकन जमला, कारण आरवाल्या घराण्यात त्याचं शेपूट आहे ‘आबा’. आब्लाबा, काम करणं असेल तर त्राबाखाबा, गाणं असेल तर कांताबा. आमच्या घरी आबा होतेच, आणि ते कायम याच काळात राहत. ‘आम्ही पहाटे चारला उठत असू, विहिरीवर जात असू, एका आण्यात अमुक येई.’ आबांनी उभ्या आयुष्यात एखादी गोष्ट एकदाच केली असं मी कधी ऐकलं नाही. बाकीच्या दोन घराण्यांना ‘ईआ’ लागतं, कोमीआ, बिबीआ, आणि त्यांच्या शेजारी आपलं खाई, राही ठेवून पाहा. नातं नसेल, पण चेहरेपट्टी आहे.

संपलेला भूतकाळ मात्र सगळा जोरावर चालतो. ‘आब्लो’ म्हणजे मी बोलते. तेच शेवटच्या अक्षरावर जोर देऊन ‘आब्लोऽ’ म्हटलं की तो बोलला. लिहिताना वर एक बारीकशी रेघ, बोलताना नुसता ठसका. आपल्याला ही सवयच नाही. मराठीत आपण शब्दावर जोर देतो तो भांडताना. शांतपणे बोलत असताना मधल्याच एका अक्षरावर का म्हणून चिडायचं? आणि ‘आम्ही’ आलं की आरवाल्यांनी हातच टेकलेत. आब्लामोस म्हणजे आम्ही बोलतो, आणि आब्लामोस म्हणजेच आम्ही बोललो. ऐकणाऱ्याने संदर्भावरून समजून घ्यायचं.

आता खिचडीकडे येते. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. ऐंशीच्या पुढच्या, सोबत एक कुत्रा, तोही साधारण त्याच वयाचा. त्यांच्याशी मी आधी ‘उस्तेद’ लावून बोलायचे. उस्तेद म्हणजे आदरार्थी तुम्ही, पण क्रियापद ‘तो’चं, आपलं ‘सरकार येतात का?’ चालतं त्या थाटाचं. तर आजी रुसल्या. मी काय इतकी म्हातारी दिसते? त्यामुळे झक मारत अरे-तुरे. पहिल्यांदा त्यांना ‘तू’ म्हटलं त्या दिवशी मला साताऱ्याच्या माझ्या आजीची चप्पल पाठीवर बसल्याचा भास झाला.

एकदा जिन्यात त्यांनी विचारलं, नवरा घरकामात मदत करतो का? आता 2009 साली, पुण्यात स्वाइन फ्लूची घबराट होती तेव्हा मला साधा ताप आला होता, आणि नवऱ्याने तोंडाला मास्क बांधून मुगाची खिचडी केली होती. मीठ विसरला होता, खालून लागली होती, कुकरची शिटी का होत नाही म्हणून तो हॉलमधून तीनदा ओरडला होता, कारण शिटी ओट्यावरच राहिली होती. ही एवढी एक खिचडी. ती मला प्रामाणिकपणे सांगायची होती. स्वयंपाक करणं म्हणजे कोथिनार, हे कोथिंबिरीमुळे माझ्या कायमचं लक्षात राहिलेलं. मी धातू धरला, आर छाटला, आणि घाईत हाताला आले ते आबा. ‘एन ला इंदिया मि मारीदो कोथिनाबा.’

आजींनी छातीवर हात ठेवला. भारतात माझा नवरा स्वयंपाक करत असे! रोज! वर्षानुवर्षं! संध्याकाळी लिफ्टमध्ये त्यांनी त्याचा दंड थोपटला. त्याला इतक्या महिन्यांत एकच शब्द येतो, ‘ग्राथिआस’, म्हणजे धन्यवाद. तो त्याने विनम्रपणे म्हटला. ‘काय छान बाई आहेत गं,’ असं घरी येऊन मला सांगितलं. मी काहीच बोलले नाही, पण रात्रभर झोप नाही. सोळा-सतरा वर्षं मी केलेल्या पोळ्या एका ‘आबा’ने गिळल्या होत्या.

सकाळी दुरुस्ती करायला गेले. वाक्य जिन्यात चारदा घोकलं. ‘कोथिनाबा’ नव्हे, ‘कोथिनोऽ’, ‘उना बेथ’. एकदा केला होता. दार उघडलं, कुत्रा भुंकला, माझा जोर हलला. मी म्हटलं, ‘नो कोथिनाबा. कोथीनो. उना बेथ.’

आजींचा चेहरा पडला. त्यांच्या कानांनी ऐकलं ते असं: आता तो करत नाही. मी करते. एकदाच.

दुपारी अडीचला बेल वाजली. आजी दारात, हातात ताट, ताटात अंडं-बटाट्याचा जाडजूड तोर्तिया. माझ्या खांद्यावरून आत बघत त्या कळवळून म्हणाल्या, ‘पारा के कोमा तु मारीदो.’ मी ‘कोमा’ ऐकून दचकलेच. मग लक्षात आलं, हा तर बाईंनी परवाच सांगितलेला सब्खुन्तीबो! एरवाल्यांना आरवाल्यांचं शेपूट आणि आरवाल्यांना एरवाल्यांचं, अशी अदलाबदल केली की इच्छा, विनंती, आशा सगळं व्यक्त होतं. म्हणजे आपला विध्यर्थ. ‘तुझ्या नवऱ्याने खावं म्हणून.’ एकीकडे अपमान होत होता आणि दुसरीकडे रूप ओळखल्याचा आनंद, अशी माझी विचित्र अवस्था. नवरा अंडं खातो. उभ्या उभ्या त्याने निम्मा तोर्तिया संपवला आणि म्हणाला, ‘ग्राथिआस.’ आजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की बघ, किती दिवसांचा उपाशी आहे.

ताट रिकामं परत द्यायची आपली पद्धत नाही. रविवारी मी माद्रिदमधल्याच लावापिएस वस्तीत गेले. तिथे बांगलादेशी दुकानांतून रवा, हिंग, कढीपत्ता सगळं मिळतं. ज्या दुकानातून मी घेते तो दुकानदार आमच्याच वर्गातला, तीन महिने गैरहजर. त्याला एकही शेपूट येत नाही. ‘तू कोम्प्रार, मान्याना पागार’, म्हणजे तू विकत घेणं, उद्या पैसे देणं, असं सगळं तो अख्ख्या क्रियापदांवर भागवतो आणि त्याच्याकडे रांग असते. पागार ऐकून मला नेहमी बरं वाटतं. आपला पगार त्याचाच पोर्तुगालमार्गे आलेला भाऊबंद. मी रोख पैसे दिले, रवा घेतला, आणि घरी येऊन खोबरं घालून पाकातले लाडू वळले. एकूण 21. नवऱ्याने त्यातले दोन चाखले आणि एक वळून पाहिला. तो बसला नाही, फुटला, मग तोही त्यानेच खाल्ला.

ताट घेऊन मी खाली गेले. नवरा मागोमाग आला, कुत्र्याशी त्याची आता चांगली गट्टी आहे. आजींनी एक लाडू उचलला, चावला, डोळे मिटले. मग मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, ‘किएन कोथिनोऽ?’ कोणी केले?

हा तोच ठसका, तोच काळ, आणि याचं उत्तर मी आठवडाभर तोंडात घोळवत होते. आरवाल्यांचा संपलेला भूतकाळ, मी. ‘ए’, जोर शेवटी. मी श्वास घेतला. ‘कोथिने...’

‘कोथिनामोस,’ माझ्या मागून नवरा म्हणाला.

कुठून शिकला, केव्हा शिकला, देव जाणे. भिंतीवरचे तक्ते बघत दात घासत असणार. मी वळून पाहिलं. आम्ही करतो, आम्ही केले. काळ बरोबर, शेपूट बरोबर, जोरसुद्धा जिथल्या तिथे. आणि फुटलेला का असेना, एक लाडू त्याने वळला होता, तेव्हा वचनातही चूक काढता येईना. आजींनी ताटातला दुसरा लाडू उचलून त्याच्या हातावर ठेवला.

‘ग्राथिआस,’ तो म्हणाला.