आजारी पडायचा विचार आहे? आधी ओटीपी बघा

आजारी पडायचा विचार असेल तर जरा दम धरा. आधी आधारला कुठला मोबाईल लिंक आहे ते बघा, तो नंबर तुमच्याकडेच आहे की पुण्याला असलेल्या पोराकडे आहे ते बघा, पोरगं ड्युटीवर असताना फोन उचलतं का ते बघा, आणि हे सगळं जमून आलं की मग खुशाल छातीत कळ येऊ द्या. लोक नेमकं उलटं करतात. आधी आजारी पडतात, मग कागद शोधत बसतात आणि वर सिस्टीमला नावं ठेवतात.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. तुम्ही आता एक नाही, दोन आहात. एक तो जो खोकतो, जिना चढताना धापा टाकतो, रात्री तीनदा उठतो. आणि दुसरा तो जो राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाच्या सिस्टीममध्ये राहतो, त्याला नाव आहे, जन्मतारीख आहे, आधारवरचा तो पोलिसांनी काढल्यासारखा फोटो आहे आणि १४ आकडी आभा नंबर, म्हणजे सरकारी आरोग्य खात्याचा नंबर आहे. उपचार या दुसऱ्यावर होतात. पहिल्याने फक्त सोबत यायचं असतं, नातेवाईक म्हणून.

हे प्राधिकरण म्हणजे एनएचए, २०१९ च्या जानेवारीत सुरू झालं. आयुष्मान भारतमधली वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांची योजना तेच बघतं आणि सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेलं, आरोग्याच्या नोंदी ऑनलाइन ठेवायचं डिजिटल मिशनही तेच बघतं, म्हणजे पैशाचं दार आणि नोंदीचं दार एकाच घराला.

तर पहिलं काम, आभा काढा. ऐच्छिक आहे, घाबरू नका. तसं अधिकृतपणे सांगितलेलं आहे, पाहिजे तर केसपेपरच्या खिडकीवर मोठ्याने सांगून बघा की मला नाही काढायचं, ऐच्छिक आहे, आणि मागची रांग तुम्हाला काय काय म्हणते ते शांतपणे ऐकून घ्या. बरं, काढायच्या आधी एकदा तपासा, ते आधीच निघालेलं असू शकतं. २०२१ मध्ये आधार दाखवून लस घेतलेल्या कित्येकांच्या सर्टिफिकेटवर हेल्थ आयडी, म्हणजे आभाचंच तेव्हाचं नाव, आपोआप छापून आला होता, दंडात सुई टोचली तसा नंबरही टोचला, विचारलं कुणीच नव्हतं. याला जबरदस्ती म्हणू नका. तुमची इच्छा त्यांनी न विचारता ओळखली, घरच्यांनाही जमत नाही हो एवढं.

लसीवरून आठवलं. कोविन विसरलात की काय? १८ ते ४४ वाल्यांचं रजिस्ट्रेशन २८ एप्रिल २०२१ ला दुपारी चारला उघडलं, अख्खा देश एकदम तुटून पडला आणि पोर्टलने मान टाकली. त्यानंतर कितीतरी दिवस ज्याचं इंटरनेट फास्ट त्याची इम्युनिटी फास्ट असा हिशोब होता. मुंबई-पुण्याची मंडळी गाड्या काढून लांबच्या तालुक्यातल्या केंद्रांवर लस घेऊन आली, आणि त्याच गावची माणसं केंद्राबाहेर उभी राहून बघत होती की आपल्या शाळेत आलेले हे पाहुणे कोण. पोर्टल तेव्हा इंग्रजीत होतं, मराठी आणि बाकीच्या भाषा यायला जून उजाडला, ते पण सुप्रीम कोर्टाने डिजिटल दरीवरून कान उपटल्यावर. यातून घ्यायचा धडा एकच, पुढची साथ येण्याआधी टायपिंगचा स्पीड वाढवून ठेवा.

आता दवाखान्यात या. भिंतीवर क्यूआर कोडचं पोस्टर असेल, त्याला स्कॅन अँड शेअर म्हणतात, ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजमध्ये सुरू झालं आणि मग सगळीकडे पसरलं. कोड स्कॅन करा, नाव-पत्ता आपोआप जातो, मोबाईलवर टोकन येतं, रांग वाचते. आणि खरंच वाचते हो, ज्याच्या हातात स्मार्टफोन आणि ज्याच्या फोनमध्ये डेटा त्याची. मी एका सरकारी दवाखान्यात बघितलं, खिडकीपुढची रांग गायब झाली होती कारण ती सगळी पोस्टरखाली जाऊन उभी होती, आणि तिथे सिक्युरिटीचा एक बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा प्रत्येकाचा फोन हातात घेऊन अॅप डाउनलोड कर, पासवर्ड विचार, ओटीपी वाच, असं करत होता. अख्ख्या डिजिटल मिशनची ओपीडी तो एकटा चालवत होता. टोकन आलं की खिडकीतल्या बाई मोबाईलमध्ये बघून तो आकडा बॉलपेनने केसपेपरवर लिहायच्या. आत डॉक्टरसाहेब त्याच कागदावर गोळ्या लिहायचे, त्यांच्या त्या अक्षरात. म्हणजे तुमचं टोकन डिजिटल, आजार मात्र कागदावर, आणि कागद पावसात भिजला की आजारही गेला.

पण नोंद झाली, हे महत्त्वाचं. नोंदीला किंमत आहे. २०२३ मध्ये एक प्रोत्साहन योजना आली, ठराविक आकड्याच्या वर गेलं की प्रत्येक डिजिटल नोंदीमागे हॉस्पिटलला २० रुपयांपर्यंत द्यायचं ठरलं. त्यामुळे इथून पुढे काउंटरवर तुमचं हसून स्वागत झालं तर लगेच विरघळू नका, वीस रुपये आलेत दारात असं समजा. ७० कोटींच्या वर आभा निघालेत म्हणे, दर कार्यक्रमात तो आकडा सांगतात आणि टाळ्या पडतात. त्यातल्या किती जणांचे रिपोर्ट एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात खरंच गेले हे विचारून कार्यक्रमाचा मूड घालवू नका.

अंगठ्याकडे आता येऊ, कारण अंगठा हा शरीरातला सगळ्यात महत्त्वाचा अवयव आहे. किडनी एक गेली तरी दुसरी असते. सेतू केंद्रात एक आजी बघितल्या, सत्तरीच्या पुढच्या, आयुष्मानचं वय वंदना कार्ड काढायला आलेल्या. ते ऑक्टोबर २०२४ ला आलं, सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट नाही, योजना म्हणून चांगलीच आहे. पण आजींनी उभा जन्म खुरपणी केलेली, बोटावर रेषाच नाही राहिलेल्या. मशीन घेईना. पोरगा म्हणाला आजी बोट पुसा, पुसलं. केसांवरून फिरवा म्हणाला, फिरवलं. दुसरं बोट, तिसरं बोट, दहाच्या दहा झाली. मग फेस ऑथ. समोर मोबाईल धरला आणि म्हणाला डोळ्यांची उघडझाप करा. आजींना मोतीबिंदू, त्यांना मोबाईल कुठे आहे तेच दिसेना, त्या बिचाऱ्या दाराकडे बघून डोळे मिचकावतायत आणि दारात उभा असलेला माणूस अवघडलाय. शेवटी सर्व्हर गेला आणि सगळे सुटले. म्हणून तरुणांना सांगतो, शेतात कामं करू नका. भांडी घासू नका, विटा उचलू नका. अंगठा जपून ठेवा, म्हातारपणी तोच कामाला येतो.

नावाचंही तेच. रेशनकार्डावर पार्वती, आधारवर पार्वताबाई, बँकेत पी. म्हटलं तर तीन लाभार्थी, म्हटलं तर एकही नाही. दोष आईबापांचा, बारसं करताना स्पेलिंगचा विचार कोण करतंय.

पण हे सगळं कडक नियम तुमच्या-माझ्यासाठी, सिस्टीम मनाने मोठी आहे, वेळ आली की सांभाळून घेते. सरकारी हिशोब तपासणाऱ्या कॅगचा रिपोर्ट आला ऑगस्ट २०२३ मध्ये, त्यात निघालं की आयुष्मान योजनेतले साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी एकाच मोबाईल नंबरवर आहेत, आणि तो नंबर म्हणजे ओळीने दहा वेळा नऊ. आणखी १ लाख ३९ हजार दहा वेळा आठवर. तामिळनाडूत ७ आधार नंबरांवर ४,७६१ नोंदी. मंत्रालयाने शांतपणे सांगितलं की लाभार्थी ओळखायला मोबाईल नंबर लागतच नाही, तो संपर्कासाठी असतो. पटलं मला. साडेसात लाख लोकांना काही कळवायचं तर एकच फोन लावायचा, केवढी बचत. तुमचा ओटीपी येत नसेल तर मन खट्टू करू नका, तुम्ही फक्त चुकीचे दहा आकडे घेऊन जन्माला आलात.

त्याच रिपोर्टात आहे की सिस्टीममध्ये आधीच मयत दाखवलेल्या ३,४४६ पेशंटच्या नावावर नंतर उपचार झाले आणि जवळपास ७ कोटी रुपये दिले गेले. लोक भडकले यावर. मला तर सुरुवातीला सांगितलेलं इथे सिद्ध झालेलं दिसतं, पहिला गेला म्हणून दुसऱ्याने का मरावं? त्याची तब्येत ठणठणीत आहे, त्याचा क्लेम पास होतोय. काही पेशंट एकाच वेळी दोन हॉस्पिटलात अॅडमिट होते असंही निघालं. त्यावर प्राधिकरणाने एक कारण असं दिलं की बाळंतीण एका ठिकाणी आणि बाळ दुसऱ्या ठिकाणी काचेत असलं की ते आईच्याच कार्डावर असतं. हे मात्र खरंच असू शकतं, हसण्यासारखं नाही. पण तसं असेल तर सिस्टीम बनवताना बाळंही जन्माला येतात हे कुणी सांगितलं नव्हतं का, एवढंच विचारावंसं वाटतं.

अॅडमिट व्हायची वेळ आलीच तर आजार यादीतला निवडा. आपल्याकडे राज्याची महात्मा फुले योजना आणि केंद्राची आयुष्मान एकत्र चालतात, १ जुलै २०२४ पासून पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही रेशनकार्ड चालतं, आणि तेव्हा यादीत १,३५६ उपचार होते. भरपूर चॉइस आहे. तरी आपली माणसं नेमकं यादीबाहेरचं दुखणं घेऊन येतात आणि मग आरोग्यमित्र, म्हणजे हॉस्पिटलात बसणारा योजनेचा माणूस, सांगतो, पॅकेजमध्ये बसत नाही. बसत असेल तर प्रीऑथ, म्हणजे उपचाराआधीच्या मंजुरीचा अर्ज, टाकतो. मग बेडवरचा फोटो लागतो, पेशंट बेडवर, सलाईन दिसलं पाहिजे, चेहरा दिसला पाहिजे. इथे थोडं आजारी दिसा. फार नको, आधारच्या फोटोशी जुळलं पाहिजे. मग क्वेरी येते. सोनोग्राफीचा रिपोर्ट नीट दिसत नाही, परत अपलोड करा. तुम्ही बाहेर बाकावर बसून राहता, डॉक्टर तयार, ओटी तयार, पेशंट उपाशीपोटी तयार, आणि सगळे मिळून एका स्क्रीनकडे बघतायत की वरून काय येतंय. थट्टा बाजूला ठेवून सांगतो, ज्याच्या बापाची अँजिओप्लास्टी एक रुपया न देता झाली त्याच्यापुढे या योजनेची चेष्टा करायला जाऊ नका, तो तुम्हाला दारात उभं करणार नाही, आणि बरोबरच आहे त्याचं. तो दिवस सर्व्हर चालू असलेला दिवस होता.

नकार आला तर चिडायचं कुणावर हेही शिकून घ्या. हॉस्पिटल म्हणतं वरून रिजेक्ट झालं. वर म्हणजे राज्याची आरोग्य हमी सोसायटी. ते म्हणतात पोर्टल केंद्राचं आहे. केंद्र म्हणतं आरोग्य हा घटनेनुसार राज्याचा विषय आहे, आणि ते खरंही आहे. केंद्राचा १४५५५ आणि राज्याचा १५५३८८ असे दोन हेल्पलाईन नंबर आहेत, दोन्हीकडे लावा, आवाज नम्र असतात.

राहता राहिला तुमच्या माहितीच्या सुरक्षेचा प्रश्न, तर त्याची काळजी करणारे तुम्ही कोण? २०२० च्या ऑगस्टमध्ये भर कोरोनात आरोग्याच्या माहितीबद्दलच्या धोरणाचा मसुदा आला आणि त्यावर मत द्यायला आधी जेमतेम आठवडा दिला होता, तेव्हा तुम्ही कपभर साबणाच्या पाण्यात भाजी धूत होतात, तुमची संधी गेली. आणि जून २०२३ आठवतोय का? टेलिग्रामवर एक बॉट निघाला होता, त्यात मोबाईल नंबर टाकला की लस घेतलेल्या माणसाचं नाव, जन्मसाल, आधार किंवा पॅनसारख्या ओळखपत्राचा नंबर, कुठल्या केंद्रावर लस घेतली, सगळं समोर यायचं. सरकारने सांगितलं की कोविन पूर्ण सुरक्षित आहे, बातम्या निराधार आहेत. असतीलही. पण देशाच्या आरोग्यव्यवस्थेत अंगठा, ओटीपी, डोळ्यांची उघडझाप यातलं काहीही न मागता, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, पहिल्या फटक्यात माहिती देणारी तेवढी एकच सेवा होती, आणि ती पण लगेच बंद केली.