शाळा-निवडीचे खंदे पुरस्कर्ते व्हा!

टेक्सासमध्ये स्थिरावलात, शाळेचं रेटिंग बघून घर घेतलंत, सिटिझनशिपची शपथही झाली. आता एखादं ठाम राजकीय मत हवंच. बंदुका नकोत, गर्भपात नको. त्या विषयांवर मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेतच भांडणं लागतात. तुम्ही शाळा-निवड घ्या, म्हणजे पालकांना सरकारी पैशाने खासगी शाळाही निवडता यावी हा आग्रह. ‘पालकांना निवडीचा हक्क नको का?’ एवढं विचारलंत की समोरचा गप्प. नको म्हणणार कोण?

सुरुवात अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांच्यापासून करा. सरकारने शिक्षणाचा खर्च उचलावा, पण शाळा सरकारनेच चालवाव्यात असं काही नाही. पालकांच्या हाती व्हाउचर, म्हणजे हव्या त्या शाळेची फी भरायला सरकारी पैसा, द्यावं, असं त्यांनी १९५५मध्ये मांडलं. तिथून थेट १९९०च्या, विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीला उडी मारा. वाटेत रेंगाळू नका, कारण वाटेत व्हर्जिनियातली प्रिन्स एडवर्ड काउंटी लागते. काळी आणि गोरी मुलं एका वर्गात बसवावी लागू नयेत म्हणून तिथल्या कारभाऱ्यांनी १९५९मध्ये सगळ्या सरकारी शाळांनाच कुलूप ठोकलं आणि गोऱ्या मुलांच्या खासगी शाळेला अनुदानाची वाट काढून दिली. कुलूप पाच वर्षं राहिलं. कोणी हा विषय उकरलाच तर ‘ते डेमोक्रॅट होते’ म्हणा. खोटंही नाही ते.

मिलवॉकीची गोष्ट मात्र मनापासून सांगा, कारण ती खरोखर चांगली आहे. पॉली विल्यम्स या कृष्णवर्णीय डेमोक्रॅट आमदार बाईंनी रिपब्लिकन गव्हर्नर टॉमी थॉम्पसन यांच्या साथीने तिथे व्हाउचरची योजना आणली. फक्त गरीब घरांसाठी, आणि शहरातल्या जेमतेम एक टक्का मुलांपुरती. पत्ता गरीब वस्तीतला म्हणून शाळाही रडकी, हे तिथल्या आयांचं दुखणं खरं होतं. त्यावर स्वतःची मुलं खासगी शाळेत घालणाऱ्या डेमोक्रॅट पुढाऱ्यांकडे आजही धड उत्तर नाही. तर ऐकणाऱ्याचे डोळे जरा पाणावले, की गरिबीची अट हळूच सोडून द्या. ॲरिझोनाने तेच केलं. २०११मध्ये अपंग मुलांसाठी सुरू केलेली योजना २०२२मध्ये सरसकट सगळ्यांना खुली केली. पहिल्या झटक्यात आलेल्या अर्जदारांपैकी सुमारे ७५ टक्के मुलं सरकारी शाळेत नव्हतीच. त्यांच्या आईबापांनी निवड कधीच केली होती, बिल तेवढं सरकारकडे पाठवायचं राहिलं होतं.

निवडीचे पुरस्कर्ते आहात, तर एक पथ्य कडक पाळा: मतदारांना निवडू देऊ नका. त्यांना अक्कल नसते. ॲरिझोनातच २०१८मध्ये योजना वाढवायची का असं विचारलं, तर ६५ टक्के लोक नाही म्हणाले. म्हणून चार वर्षांनी न विचारता त्याहून मोठी योजना आणली. केंटकीचं बघा. नोव्हेंबर २०२४मध्ये ट्रम्पना भरभरून मतं दिली आणि त्याच मतपत्रिकेवर खासगी शाळांना सरकारी पैशाची वाट उघडणारी घटनादुरुस्ती तितक्याच जोरात पाडली. टेक्सासमध्ये जेम्स टॅलारिको या डेमोक्रॅट आमदाराने लोकांचा कौल घ्यायची सूचना मांडली. सभागृहाने ती फेटाळली. बरं झालं.

आता खरी अडचण: तुमच्याच रिपब्लिकन पक्षाची खेड्यातली माणसं. पश्चिम टेक्सासमध्ये कापसाच्या आणि तेलाच्या पट्ट्यात मैलोन्‌मैल खासगी शाळा नाही. गावात सगळ्यात जास्त लोकांना पगार देणारी संस्था म्हणजे सरकारी शाळा. शुक्रवारी रात्री अख्खा गाव तिच्याच फुटबॉल मैदानावर असतो. चर्चला जाणारी, बंदूक बाळगणारी, कराच्या नावाने बोटं मोडणारी ही पक्की कॉन्झर्व्हेटिव्ह माणसं; पण शाळेचे पैसे काढतो म्हटलं की अंगावर येतात. त्यांच्या २१ रिपब्लिकन आमदारांनी नोव्हेंबर २०२३मध्ये डेमोक्रॅटांसोबत मतदान करून व्हाउचरचं कलम उडवून लावलं.

अशांना कसं समजवायचं, हे टेक्सासचे गव्हर्नर ग्रेग ॲबट यांच्याकडून शिका. त्यांनी समजवायच्या भानगडीत न पडता माणसंच बदलली. पेनसिल्व्हेनियाचे अब्जाधीश जेफ यास यांनी ॲबटना ६० लाख डॉलरचा एकच चेक दिला, आणि पक्षाचे उमेदवार ठरवणाऱ्या २०२४च्या प्राथमिक निवडणुकांत यातले बरेचसे आमदार घरी बसले. एप्रिल २०२५मध्ये विधेयक पुन्हा आलं, त्या सकाळी स्वतः ट्रम्प फोनवर बोलले, आणि विरोधात मत देणारे रिपब्लिकन उरले फक्त दोन. आपल्या गावच्या शाळेचं गावाने ठरवावं, बाहेरच्याने नाक खुपसू नये, हे तुमचं जुनं तत्त्व. पेनसिल्व्हेनिया हे बाहेरचं धरू नका.

कायदा झाला. १ अब्ज डॉलर, साधारण दर मुलामागे १०,००० डॉलर. ‘कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना प्राधान्य’ हे वाक्य मोठ्याने म्हणा. डॅलसच्या नामांकित शाळांची फी ३०,०००च्या वर असते, हे मनात म्हणा. आणि चार जणांच्या कुटुंबाचं उत्पन्न १,६०,००० डॉलरच्या वर गेलं तरी पाचव्या हिश्श्यापर्यंतचा पैसा त्यांच्यासाठी मोकळा आहे, हे तुमच्या गोल्फच्या मित्राला कानात सांगा.

परीक्षेबद्दल कोणी विचारेल. दरवर्षी मुलांच्या परीक्षा घ्या, निकालावरून शाळांना जाब विचारा, हा मंत्र २००२मध्ये देशाला दिला टेक्सासच्याच बुश यांनी. सरकारी शाळेला अजूनही राज्याची ‘स्टार’ परीक्षा द्यावीच लागते आणि तिच्यावरून ‘ए’ ते ‘एफ’ शेरा मिळतो. व्हाउचर घेणाऱ्या खासगी शाळेला दुसरी एखादी प्रमाणित चाचणी चालते, शेरा काही नाही. करदात्याचा पैसा सरकारी शाळेत गेला तर हिशोब द्यायचा, खासगीत गेला तर विश्वास ठेवायचा.

पुण्याच्या बहिणीशी मात्र या विषयावर बोलू नका. ती म्हणेल, आमच्याकडे आरटीईच्या लॉटरीत नाव लागलं की खासगी शाळेला मुलाला घ्यावंच लागतं, मुलाखतही घेता येत नाही. तिच्या सरकारने २०२४च्या फेब्रुवारीत यातून पळवाट काढून पाहिली, जुलैत हायकोर्टाने ती रद्द केली. टेक्सासच्या कायद्यात असली सक्ती नाही. इथे शाळा मुलाची चाचणी घेईल, धर्म विचारेल, अपंग मुलासाठी आमच्याकडे सोय नाही म्हणेल. निवड तीच करणार.

तुमच्या मुलाला नकाराचं पत्र आलंच तर खचू नका. कोपऱ्यावरच्या सरकारी शाळेत जा. तिला नाही म्हणता येत नाही. फॉर्म भरता भरता ऑफिसमधल्या बाईंना जरूर सुनवा, की यंदा संगीताचे सर दिसत नाहीत ते, ही काय शाळा चालवायची पद्धत झाली?