पुस्तकं परत करा, नाहीतर निदान वाचून तरी ठेवा

मंडळी, पोस्ट लांब आहे आणि तिच्यातला बराचसा भाग वसुलीचा आहे, आधीच सांगते.

मागच्या महिन्यात ठाण्याच्या नौपाड्यातलं घर रिकामं केलं. बिल्डिंग पाडणार आहेत. नवी होईपर्यंत मुक्काम कोपरखैरणे, भाड्याने. माळ्यावरची खोकी उतरवताना एक दोनशे पानी वही हाती लागली. कोणाला कुठलं पुस्तक दिलं ते मी तिच्यात लिहून ठेवायचे. तारीख, नाव, पुस्तक. परत आलं की लाल रेघ. तिथेच पसाऱ्यात फतकल मारून मोजलं. एकूण 112 नोंदी, आणि 41 ओळींवर रेघच नाही!

आधी चिडले. मग एकेक नाव वाचत गेले तसं लक्षात आलं की परत आलेली पुस्तकं बहुतेक सुमार होती. 'यशस्वी कसे व्हाल' छापाची सगळी आठ दिवसांत घरी हजर. बुडाली ती चांगली. लोक मला विचारतात, काय वाचू? मी इतकी वर्षं काहीबाही सांगत आले. फॉरवर्ड होणाऱ्या 'शंभर पुस्तकं वाचायलाच हवीत' वगैरे याद्यांवर माझा विश्वास नाही. त्यातली निम्मी कोणी ढापणारही नाही. ही माझी बुडीत खात्याची यादी मात्र खात्रीची.

सगळ्यात जास्त वेळा बुडालेलं पुस्तक म्हणजे गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'. तीन प्रती गेल्या. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक. घरात कर्ज, उत्तरेत मोठा यज्ञ होणार अशी बातमी, म्हणून दक्षिणा मिळेल या आशेने काकांबरोबर निघाले आणि नेमके 1857 च्या धुमाळीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा हा माणूस आत, शहरात. मिळवलं ते लुटलं गेलं, पुन्हा मिळवलं, पुन्हा लुटलं गेलं. शेवटी घरी आला तो आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन. चिंतामणराव वैद्यांनी हे 1907 मध्ये छापलं. मला यात आवडतं ते असं की भटजींना इतिहास लिहायचाच नाहीये. जेवायला काय मिळालं, कोणी किती दक्षिणा दिली, रात्री कुठे लपलो, हे सांगता सांगता मागे तोफा वाजतात. तिसरी प्रत ऑफिसातल्या एका पेणच्या गृहस्थांनी नेली, "आमच्या गावाकडचा माणूस हो" म्हणून. नंतर त्यांची बदली झाली. पुस्तकाचीही झाली.

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' माझ्याकडे आहे, पण कबुली देते, ते माझं नाही. माझ्या मावशीच्या शेजारणीचं आहे. बावीस वर्षं झाली. (काकू, वाचत असाल तर हे आता तुम्हाला मिळणार नाही. नवीन घेऊन देते.) नवऱ्याने 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, बाई हादरल्या, काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग त्यांच्याकडे गेल्या. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या या बाईच्या अंगातून ते सोवळं कसं उतरत गेलं, हे वाचताना आपण हसत असतो आणि मध्येच गळा दाटतो. नवऱ्याचं चक्रमपण, त्यांचा संताप, घरातली ओढाताण, सगळं आहे. स्वतःची कीव मात्र औषधालाही नाही. आत्मचरित्र लिहायला बसलेल्या प्रत्येकाला आधी हे वाचायला लावावं, असं माझं मत आहे. निम्मे तरी लिहायचे थांबतील.

विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' 1939 चं. युरोपातून निघालेली बोट, बोटीवर जर्मनीतून हाकललेले ज्यू, आणि प्रेमात पोळलेला एक मराठी तरुण. जेमतेम शंभर-सव्वाशे पानं. मी हे ठाण्याहून सुटणाऱ्या पनवेल लोकलमध्ये वाचत होते. तेव्हा ऑफिस घणसोलीला होतं. घणसोली गेलं, कोपरखैरणे गेलं, तुर्भे गेलं, मान वर केली तर जुईनगर. उलटी गाडी पकडली तरी पुस्तक हातातच, त्यामुळे येतानाही घणसोली गेलं आणि रबाळ्याला उतरले. लेट मार्क लागला. साहेबांना खरं कारण सांगितलं तर त्यांनी पुस्तकच मागून घेतलं. वहीत त्यांचं नाव आहे, रेघ नाही.

आता जरा वेगळ्या चवीचं. नारायण धारपांना साहित्यिक मंडळी हिंग लावून विचारत नव्हती, पण माझ्या वहीत सर्वांत फाटकी नोंद त्यांचीच: 'लुचाई', आतेभावाने नेलं. रात्री एकटं असताना वाचू नका, असं लोक सांगतात. मी सांगते, तेव्हाच वाचा. दुपारी भरल्या घरात भीतीकथा वाचण्याला काय अर्थ आहे?

शाळकरी मुलांना नारळीकरांचं 'यक्षांची देणगी' द्या. सोबत हा किस्साही सांगा: आपल्या नावामुळे निकाल झुकू नये म्हणून त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली विज्ञानकथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती. जयंत विष्णु नारळीकर या आद्याक्षरांची उलटापालट. बक्षीस मिळालं. माझ्या भाच्याला कथांपेक्षा हीच युक्ती जास्त आवडली.

व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' मी आमच्या जुन्या सोसायटीतल्या एका पदाधिकाऱ्यांना दिलं होतं, कमिटीच्या निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात. नागझिऱ्याच्या जंगलातली वानरं, त्यांच्या टोळ्या, म्हातारा होत चाललेला नर आणि त्याच्या जागेवर डोळा ठेवून बसलेले तरणे. त्यांनी ते परत केलं नाही आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणंही सोडलं. म्हणजे वाचलं असावं.

दया पवारांचं 'बलुतं' (1978) मी दोनदा विकत घेतलंय, तिसऱ्यांदा घेणार आहे. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो, एकच माणूस, दोन तुकडे झालेला. मुंबईतली कावाखान्याची ती वस्ती वाचल्यावर मला माझंच शहर अर्धं माहीत होतं हे कळलं. हे पुस्तक 'आवडलं' असं म्हणता येत नाही. माझ्याकडून नेलेल्या मैत्रिणीने चार दिवसांनी फोन केला आणि पुस्तकाबद्दल एक अक्षर न बोलता अर्धा तास स्वतःच्या आजोबांबद्दल बोलत राहिली.

कवितेचं एकच: अरुण कोलटकरांची 'भिजकी वही'. जाडजूड. इतिहास-पुराणातल्या, जगभरच्या रडलेल्या बायका. एका बैठकीत नका वाचू, नाही झेपणार. मी वर्षभर वाचत होते, सकाळी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एक-दोन पानं.

पौराणिक नायकांवरच्या त्या जाडजूड भरजरी कादंबऱ्या यादीत का नाहीत, असं कमेंटमध्ये कोणीतरी विचारणारच. कॉलेजात मीही त्या रडत रडत वाचल्या. मध्यंतरी पुन्हा उघडली एक, तर प्रत्येक नामाला तीन-तीन विशेषणं. बंद करून ठेवली. बाकी ज्याची त्याची आवड.

आणि हो, 'रुचिरा'! पाककृतीचं पुस्तक यादीत कसं, म्हणाल. कमलाबाई ओगल्यांनी 1970 मध्ये ते लिहिताना मापं वाटी-चमच्याची दिली, म्हणून वजनकाटा नसलेल्या घरातही पदार्थ जमायला लागले. गद्य म्हणूनही वाचून बघा, एक शब्द फालतू नाही. माझी प्रत आईची होती. पाकाच्या पदार्थांची दोन पानं खरोखरच पाकाने चिकटलेली, आणि एका वड्यांच्या कृतीशेजारी आईच्या अक्षरात "साखर पाऊण वाटी पुरे". ती नेलेली व्यक्ती कोण हे तिला माहीत आहे, मला माहीत आहे, वहीतही आहे. बाकीची चाळीस ठेवा. ही एक द्या.

ज्यांना विकत घ्यायचं नाही आणि माझ्याकडून मागायची आता सोय नाही, त्यांनी ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाचं सभासद व्हावं. 1893 पासून चालू आहे. कोपरखैरण्याला आले तरी मी माझं सभासदत्व सोडलेलं नाही.

रविवारी संध्याकाळी पाच ते सात मी तलावपाळीवर असेन, गडकरी रंगायतनच्या बाजूला. हातात लाल पेन आणि वही. तारखेबद्दल दंड नाही, कोणी काही विचारणार नाही. चिकटलेली पानं सोडवायला जाऊ नका, तशीच आणा.