मला पाठव, पण जवळपासच कुठेतरी

प्रभूची सेवा करायची तुमची तळमळ प्रार्थनेतूनच कळते. दर रविवारी तुम्ही म्हणता, 'प्रभू, सेवेची संधी दे.' आवाजही थोडा कापतो. छान. फक्त एक पथ्य पाळा: आमेन झाल्यावर डोळे एकदम उघडू नका. उघडले की पहिली दिसते ती पुढच्या बाकावरची आजी. एका हातात गीतपुस्तक, दुसऱ्या हातात कापडी पिशवी, बाकाला धरधरून उठतेय. आता रिक्षा मिळेपर्यंत ती गेटपाशी उन्हात उभी राहणार. तुमच्या गाडीची मागची सीट रिकामीच असते, पण म्हणून ही काही संधी नव्हे. संधी कशी, उपासनेत उभं राहून देवाच्या कृपेची साक्ष देताना चार लोकांत सांगता आली पाहिजे. 'आजींना सावेडीपर्यंत सोडलं' यात साक्ष कसली? शिवाय एकदा सोडलं की पुढच्या रविवारीही सोडावं लागतं.

सबबी शोधायला लांब जायची गरज नाही, पवित्र शास्त्रात त्या आयत्या आहेत. देव पाठवत असताना जळत्या झुडपापुढे मोशेने काय काय सांगून पाहिलं! मी कोण? ते माझं ऐकणार नाहीत. मी जड जिभेचा. सगळं संपल्यावर, दुसऱ्या कोणाला तरी पाठव. ही शेवटची सबब चर्चच्या पंच कमिटीत आजही बिनबोभाट चालते. योना त्याच्याही पुढचा. देवाने सांगितलेल्या निनवेला जायचं टाळण्यासाठी तो पदरचं भाडं भरून तार्शीशच्या जहाजात बसला. आपण एवढ्या लांब जात नाही. आपण पाचगणीला जातो, आध्यात्मिक शिबिराला. राहणं-जेवण धरून शुल्क, विषय 'सेवेसाठी सज्ज'. माणूस तिथून सज्ज होऊन येतो आणि मग सज्जच राहतो.

येशूच्या दाखल्यात यरीहोच्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाला पाहून जो बाजूने निघून गेला, त्या याजकाला आपण उगाच नावं ठेवतो. लूक लिहितो, तो त्या वाटेने खाली जात होता. खाली म्हणजे यरीहोकडे. म्हणजे यरुशलेम मागे राहिलेलं, मंदिरातली पाळी असलीच तर ती उरकलेली. उपासना आटोपून घरी निघालेल्या माणसाच्या मागे आणखी किती लागायचं? मागून आलेल्या त्या परक्या शोमरोन्याचा कारभार बघा. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, जखमी माणसाला आपल्या जनावरावर घातला, उतारशाळेवाल्याच्या हातावर दोन दीनार ठेवले आणि वर सांगितलं, जास्त लागले तर परत येताना देईन. अंदाजपत्रक नाही, खजिनदाराची सही नाही, पावती नाही. अशा माणसाला कोणत्या चर्चची मंडळी कमिटीवर घेईल?

हंगामाच्या सणाला मात्र मागे राहू नका. वेदीपुढे कणसं, ऊस, नारळ, कोंबड्या, अंडी मांडलेली असतात. एक लाल भोपळा लिलावाला निघतो. शंभर, दोनशे, पाचशे. तुम्ही जरा थांबा, माना वळू द्या, मग हात वर करून हजार म्हणा. भोपळा पदरात पडला की तो लगेच पुन्हा लिलावाला द्या. टाळ्या दोनदा मिळतात आणि भोपळा घरी न्यावा लागत नाही. ज्या मावशींनी तो परसातून तोडून डोक्यावरून आणला, त्या मागे सतरंजीवर बसलेल्या असतील. त्यांच्या मुलाची फी भरायची राहिली आहे, हे तुमच्या कानावर आहे. पण ते आत्ता कशाला? लिलावाचा रंग जातो.

पंडिता रमाबाईंचं नाव घ्यायला विसरू नका. 5 एप्रिल पुण्यतिथी, 23 एप्रिल जयंती. एकाच महिन्यात दोन भाषणं, मजकूर तोच चालतो. केडगावचं मुक्ती मिशन सांगा, हिब्रू आणि ग्रीकवरून बाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर सांगा. 1896-97 च्या दुष्काळाशी आलात की मात्र भरभर पुढे सरका. बाई स्वतः उठून मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना बरोबर घेऊन आल्या. आधी इमारत, मग उद्घाटन आणि मग मुली, असा क्रम त्यांनी लावला नाही. हे तपशिलात सांगू लागलात तर तरुण संघातली एखादी पोरगी उभी राहून विचारायची, 'मग आपण काय करायचं?' त्यावर उत्तर द्यावं लागतं आणि तोवर चहा निवतो. त्यापेक्षा फोटोला हार घाला. तसबिरीतल्या माणसांचं हे एक बरं असतं, ती आपल्याला कुठे चला म्हणत नाहीत.

आता शेवटचं, जरा अवघड. कधी तरी पाळकसाहेब स्तोत्र आणि संदेशाच्या मध्येच सांगतील, 'आपल्या मंडळीतले एक भाऊ हर्नियासाठी सिव्हिलमध्ये अॅडमिट आहेत, जवळचं कोणी नाही, रात्री बसायला माणसं हवीत.' पहिल्यांदा मान खाली घालून प्रार्थना करा. तेवढ्यात कोणी पुढे आलं तर उत्तम. नाहीच आलं आणि साहेबांची नजर तुमच्यावर स्थिरावली, तर घाबरू नका. ताडकन उठा आणि यशया संदेष्ट्यासारखं मोठ्याने म्हणा, 'हा मी आहे, मला पाठव.' मंडळी हेलावते. मग सेक्रेटरींच्या वहीत नाव लिहा, पण चौथ्या रात्रीला लिहा. हर्नियाच्या पेशंटला बहुतेक त्याआधीच घरी सोडतात. घरी भेटायला जाताना सफरचंदं न्या, आणि फोटो काढणारा एक जण.