खड्डा ईक्यूने बुजत नाही

होम थिएटरच्या चर्चांमध्ये सबवूफरबद्दल (थोडक्यात सब, म्हणजे फक्त खोल आवाज अर्थात बेस वाजवणारा स्पीकर) एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. थोडक्यात असा: ‘एकच दणकट सबवूफर घ्या. दुसरा लावून फक्त आवाज वाढतो आणि लहान खोलीत तर बेस गढूळच होतो. ८० हर्ट्झखाली दिशा कळत नाही, तेव्हा सब कुठेही ठेवा. बाकीचं ऑटो कॅलिब्रेशन (अॅम्प्लिफायर-रिसीव्हरने मायक्रोफोनने आवाज मोजून स्वतःच केलेली जुळवणी) बघून घेतं. आणि टॉवर स्पीकर असतील तर रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये त्यांना लार्ज करून एलएफई प्लस मेन (बेस सब आणि मुख्य स्पीकर दोन्हींकडे पाठवणारी सेटिंग) लावा, बेस भरभरून मिळेल.’

यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, आणि त्यामुळेच ते खोडून काढणं जरा किचकट आहे. एकेक घेऊ.

‘दुसरा लावून फक्त आवाज वाढतो’

दोन सब एकाच कोपऱ्यात एकमेकांना चिकटवून ठेवले तर हे अगदी बरोबर आहे. साधारण ६ डेसिबल वाढतात आणि बाकी काही बदलत नाही. दुसरा सब वेगळ्या जागी ठेवण्यामागचा हेतू मात्र निराळा असतो: सोफ्यावरच्या सगळ्यांना सारखाच बेस मिळावा.

५ मीटर लांबीची खोली धरा. या लांबीचा पहिला मोड, म्हणजे भिंतींमधल्या परावर्तनाने खोली ज्या फ्रिक्वेन्सीला घुमते ती, येतो ३४ हर्ट्झच्या आसपास (ध्वनीचा वेग भागिले लांबीची दुप्पट). या मोडमध्ये दाब समोरच्या आणि मागच्या भिंतीशी सर्वांत जास्त असतो, मध्यावर जवळपास शून्य. सब समोरच्या भिंतीशी असेल तर खोलीच्या मधोमध बसलेल्याला ३४ हर्ट्झ दबलेला ऐकू येतो, तर मागच्या भिंतीला टेकून बसलेल्याच्या कानात तोच घुमतो. एक म्हणतो सब वाढव, दुसरा म्हणतो कमी कर, आणि दोघंही खरं बोलत असतात.

आता दुसरा सब मागच्या भिंतीच्या मध्यावर ठेवा. या मोडमध्ये दोन भिंतींशी दाब एकमेकांच्या उलट असतो, एकीकडे वर तर दुसरीकडे खाली. दोन्ही सब एकाच फेजमध्ये, म्हणजे एकाच तालात, ढकलतात, त्यामुळे त्या मोडला खतपाणीच मिळत नाही. मागचा घुमारा उतरतो आणि दोन जागांमधला फरक आटतो.

म्हणूनच टीव्हीच्या दोन बाजूंना, समोरच्याच दोन कोपऱ्यांत सब ठेवणं हे अर्धंच काम आहे. रुंदीचा पहिला मोड त्याने शमतो, पण लांबीचा मोड पूर्वीसारखाच, किंबहुना दुप्पट जोराने पेटतो. दिसायला मात्र ही मांडणी सर्वांत नेटकी असते आणि बहुतेक घरांत हीच सापडते.

हर्मन या ऑडिओ कंपनीतले टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीसमोर नेमका हाच प्रश्न मांडला होता: किती सबवूफर पुरेसे? आयताकृती खोलीसाठी त्यांचं उत्तर असं होतं की चार भिंतींच्या मध्यावर चार सब उत्तम, समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन असले तरी निकाल जवळपास तितकाच चांगला, आणि चारच्या पुढे संख्या वाढवून हाती फारसं लागत नाही. एका बाजूने उघड्या किंवा एल आकाराच्या खोलीला हे जसंच्या तसं लावता येत नाही. तिथे मोजूनच जागा ठरवावी लागते.

‘लहान खोलीत बेस गढूळ होतो’

हे तर उलटं आहे. मोठ्या सभागृहात मोड इतके दाट असतात की ते एकमेकांत मिसळून जातात. लहान खोलीत ते विरळ असतात, म्हणून प्रत्येक मोड सुटा ऐकू येतो. ३ मीटर बाय ३ मीटरच्या खोलीत लांबी आणि रुंदी या दोन्हींचा पहिला मोड ५७ हर्ट्झवर, एकमेकांच्या डोक्यावर बसतो. गढूळपणा म्हणतात तो बहुतेक वेळा अशा मोडचा रेंगाळणारा आवाज असतो: ड्रमचा ठोका संपला तरी खोली वाजतच राहते. दुसरा सब नीट बसवला तर हे रेंगाळणं कमी होतं. नुसता आणून जोडला, लेव्हल (आवाजाची पातळी) आणि डिले (सिग्नलला दिलेला उशीर) न जुळवता, तर बेस गढूळ होईलच, पण तो दोष जोडणीचा.

‘सब कुठेही ठेवा’

८० हर्ट्झखाली दिशा ओळखणं कठीण असतं, हे मान्य. पण जागेवरून दिशा कळत नसली तरी कोणता मोड किती पेटणार हे जागाच ठरवते, आणि वर आपण त्याचंच बोलत होतो. शिवाय क्रॉसओव्हर, म्हणजे सब आणि बाकीच्या स्पीकरांमध्ये आवाज जिथे वाटला जातो ती फ्रिक्वेन्सी, ही काही भिंत नव्हे. २४ डेसिबल प्रति ऑक्टेव्ह (फ्रिक्वेन्सी दुप्पट झाली की २४ डेसिबल घट) उतार असला तरी १६० हर्ट्झवर सबमधून काहीतरी येतंच, त्यात पोर्टची (सबच्या पेटीतल्या हवेच्या भोकाची) फसफस आणि कोनचं (आवाज काढणाऱ्या हलत्या पडद्याचं) डिस्टॉर्शन मिसळतं, आणि कान बरोबर त्या कोपऱ्याकडे वळतो. छोट्या सॅटेलाइट स्पीकरांपायी क्रॉसओव्हर १२० किंवा १५० वर नेला असेल तर एका बाजूचा एकटा सब हमखास पकडला जातो.

‘ऑटो कॅलिब्रेशन बघून घेतं’

या वाक्याने सर्वांत जास्त नुकसान केलं आहे. एकाच सबवर लावलेला ईक्यू (इक्वलायझर, म्हणजे फ्रिक्वेन्सीनुसार आवाज कमी-जास्त करणारा फिल्टर) सगळ्या जागांवरचा आवाज सारखाच हलवतो. समजा ३४ हर्ट्झवर मधल्या आणि मागच्या जागेत १५ डेसिबलचा फरक आहे. ईक्यूने दोन्हीकडे ६ कमी केले तरी फरक १५ चाच राहणार. कोणतीही प्रणाली असो, तिच्या हातात एकच सब असेल तर हा फरक तिला मिटवता येत नाही. सब अनेक असले आणि प्रत्येकाची लेव्हल, डिले आणि फिल्टर वेगळे ठेवता आले तरच जागांमधला फरक हलतो. मल्टी-सब ऑप्टिमायझर किंवा डिराकचं बेस कंट्रोल ही सॉफ्टवेअर नेमकं हेच करतात.

उंचवटा (जिथे एखादी फ्रिक्वेन्सी जास्त वाजते) ईक्यूने छान उतरतो. खड्ड्याचं तसं नाही. खड्डा म्हणजे सरळ आलेली आणि परावर्तित लाट एकमेकींना खाऊन टाकतात ती जागा. सबला जास्त जोर दिला की दोन्ही लाटा सारख्याच वाढतात आणि पुन्हा एकमेकींना खातात. त्यात १० डेसिबल बूस्ट म्हणजे दहापट पॉवर. अॅम्प्लिफायर तापतो, कोन टोकापर्यंत हिंदकळतो आणि खड्डा तसाच.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी जागा, मग सबांची आपसांत लेव्हल आणि डिले, मग सगळ्यांना मिळून ईक्यू, आणि शेवटी क्रॉसओव्हरच्या आसपास मुख्य स्पीकरांशी जुळवणी. रिसीव्हरला सबची दोन आउटपुट असली म्हणजे ती स्वतंत्र असतातच असं नाही. काहींत एकच सिग्नल दोन ठिकाणी निघतो. सेटिंगमध्ये दोघांचं अंतर वेगवेगळं देता येतं का, ते पाहा. आणि रिसीव्हरने सबचं अंतर टेपने मोजलेल्यापेक्षा जास्त दाखवलं तर ते ‘दुरुस्त’ करू नका. सबमधल्या डीएसपीला (सिग्नलवर प्रक्रिया करणाऱ्या चिपला) ३ मिलिसेकंद लागत असतील तर तो हिशेबाने मीटरभर लांबच आहे.

‘टॉवर लार्ज करा, एलएफई प्लस मेन लावा’

लार्ज आणि स्मॉलचा स्पीकरच्या उंचीशी संबंध नाही. स्मॉल म्हणजे क्रॉसओव्हरखालचा बेस सबकडे पाठवा, एवढंच. टॉवर जिथे उभे असतात ती जागा स्टिरिओ चित्रासाठी निवडलेली असते. बेससाठी ती चांगली असणं हा योगायोग. स्मॉल करून ८० हर्ट्झ ठेवलं की वूफरची धाव कमी होते (फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की तेवढ्याच आवाजासाठी कोनला चौपट हलावं लागतं) आणि रिसीव्हरच्या अॅम्प्लिफायरला उसंत मिळते. एलएफई प्लस मेन केलं की तोच बेस टॉवर आणि सब दोघांकडून, जुळवणी न केलेल्या फेजमध्ये येतो. कुठे फुगतो, कुठे गळतो. सुरुवातीला भरगच्च वाटतं खरं.

इथेच आणखी एक घोळ होतो. एलएफई हा साउंडट्रॅकमधला वेगळा चॅनेल आहे, १२० हर्ट्झपर्यंत जाणारा आणि १० डेसिबल जादा वाजणारा. त्याचा लो-पास (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा फिल्टर) आणि स्पीकरांचा क्रॉसओव्हर ही दोन वेगळी सेटिंग आहेत. क्रॉसओव्हर ८० ठेवला म्हणून एलएफईचा लो-पासही ८० वर आणला तर वरचा थोडा भाग कापला जातो. तो १२० वरच राहू द्या.

मजकुराच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. ऐकणारा एकच, खुर्ची एकच आणि ती हलवता येत असेल, तर एक चांगला सब, नीट निवडलेली जागा आणि उंचवट्यांपुरता ईक्यू पुरतो. दोन बेताचे, वेगवेगळ्या जातीचे सब तर त्याहून वाईट ठरू शकतात. एक सीलबंद आणि एक पोर्टवाला असेल तर पोर्टच्या ट्यूनिंगच्या फ्रिक्वेन्सीजवळ त्यांच्या फेज फाकतात आणि नेमक्या खोल बेसमध्येच ते एकमेकांविरुद्ध जोर लावतात. आपण कोणत्या गटात आहोत हे बघायला मापनाचा एक मायक्रोफोन आणि रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर पुरे: दोन टोकांच्या जागांवरून २० ते १२० हर्ट्झचे आलेख घ्या आणि एकावर एक ठेवून पाहा.