काम गमवायचंय? मग रीतसर गमवा

भाऊ, कापसातली सरकी काढायचं जिनिंग बंद पडलं म्हणून ओट्यावर डोक्याला हात लावून बसू नका. कामं सगळ्यांचीच जातात. तुमची चूक एवढीच, की तुम्ही ते गावठी पद्धतीनं गमावलंत. मुकादम म्हणाला, "उद्यापासून येऊ नका," तुम्ही डबा उचलला, रुमालानं अंगावरची रुई झटकली आणि घरी आलात. पत्र नाही, शिक्का नाही. असं कुठं काम जात असतं का?

काम गमवावं ते अमेरिकेत. तिथं १९६२ साली, केनेडींच्या काळात, परदेशी मालामुळे ज्याची नोकरी जाईल त्याला सरकारनं मदत करायची असा कायदाच झाला. स्वस्त माल घेऊन अख्खा देश सुखी होणार, तर त्या सुखापायी ज्याची चूल विझली त्याच्या ताटात थोडं वाढावं, असा साधा हिशोब. हिशोब इतका साधा, की पहिली सात वर्षं एकाही कामगाराचा अर्ज मंजूर झाला नाही. १९७४ ला अटी सैल केल्या, तेव्हा कुठं माणसं आत शिरली. कामगारांनी स्वतः अर्ज करायचा तर तिघांच्या सह्या पुरत. कामगार खातं चौकशी करी. नोकरी जाण्यात आयातीचा मोठा हात आहे असं ठरलं, की नवं काम शिकायचा खर्च, शिकत असताना भत्ता, परगावी कामाला जायचं तर बिऱ्हाड हलवायचे पैसे. पुढं पन्नाशीच्या माणसासाठी आणखी सोय झाली: नवी नोकरी कमी पगाराची मिळाली तर तुटीतला निम्मा भाग सरकार भरी, दोन वर्षांत १०,००० डॉलरपर्यंत.

तरी तिथले युनियनवाले या योजनेला 'मर्तिकाचा विमा' म्हणायचे. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे सगळीकडेच असतात.

तेव्हा पहिला सल्ला: पन्नाशी गाठा, अमेरिकेत जा आणि तिथं नोकरी गमवा. मात्र ३० जून २०२२ च्या आत. १ जुलैपासून नव्या अर्जांची चौकशीच थांबली. मुदत संपली, संसदेनं वाढवून दिली नाही. आयात चालू, विमा बंद. तुम्हाला थोडा उशीर झाला, एवढंच.

बरं, व्हिसा मिळत नाही म्हणता? मग इथंच राहून निदान तुमचं काम खाल्लं कोणी ते तरी ठरवा. १९ ऑगस्ट २०२५ ला कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ झालं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. का, तर अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के शुल्क चढवलं, त्यात कापडवाले होरपळले, त्यांना स्वस्त कापूस मिळावा. दुखणं अमेरिकेनं दिलं, औषध कापडगिरणीला पाजलं, कडू तोंड मात्र आपल्या जळगावकडच्या बोदवड-धरणगावचं झालं. कारण बाहेरून येतो तो कापूस बोंडातून वेचलेला, सरकीसकट नसतो. सरकी काढून, दाबून, पट्ट्या आवळून, गाठी होऊनच तो जहाजात चढतो. त्याला तुमचं जिनिंग लागत नाही, प्रेस लागत नाही, कचरा निवडणाऱ्या बाया लागत नाहीत. गाठीबरोबर तुमची अख्खी पाळी परदेशातच भरून आलेली असते.

पण हे साहेबासमोर सांगून बघा. साहेब विचारील, "कशावरून आयातीनं? गुलाबी बोंडअळी नव्हती? अवकाळी नव्हता? शेतकऱ्यांनी कपाशी मोडून मका लावला नाही?" तुम्ही माना डोलवाल, कारण हे सगळंही खरंच आहे. इथंच फसाल. चार जणांनी मिळून मारलं की खून कोणाच्याच नावावर लागत नाही. म्हणून अळीला, पावसाला आणि मक्याला आधीच तंबी देऊन ठेवा: ज्या वर्षी आयात करायची त्या वर्षी मधे यायचं नाही.

आता कोणी शहाणा म्हणेल, आपल्याकडेही योजना आहे. आहे ना. कर्मचारी राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. काम गेलं तर सरासरी रोजाच्या ५० टक्के, ९० दिवसांपर्यंत, जन्मात एकदा. जन्मात एकदा हे बरं केलं, नाही तर लोक हौसेनं बेकार झाले असते. फक्त त्याआधी विमा हवा, आणि विम्याचा कायदा हंगामी कारखान्यांना लागू नाही. हंगामी म्हणजे कोणते, त्याची यादी कायद्यातच आहे आणि तिच्या अगदी सुरुवातीला आहे कापसाचं जिनिंग. म्हणजे दिल्लीला तुम्ही माहीत नाही असं बिलकुल म्हणू नका! तुमच्या कामाचं नाव घेऊन, मानानं, तुम्हाला बाहेर बसवलंय.

मग कामावरून कमी केल्याची भरपाई? वर्षाच्या नोकरीमागं १५ दिवसांचा पगार, पण वर्षात २४० दिवस काम भरलेलं हवं. दसऱ्याला जिनिंगची पूजा होते आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माणूस घरी असतो. यात २४० दिवस भरायचे तर कपाशीला वर्षातून दोनदा बोंडं धरायला सांगावं लागेल. कृषी विद्यापीठाला कळवून पाहा.

तरीही हौस असेल तर अमेरिकन पद्धतीनं एक अर्ज लिहाच. मी माझ्या एका ओळखीच्याला लिहून दिला होता. कुठं द्यायचा ते ठरलं नव्हतं, पण अक्षर चांगलं आलं होतं. सह्या मात्र तीनच घ्या. तीन तिगाडा काम बिगाडा, असं आपल्याकडची म्हातारी माणसं म्हणतात खरी, पण तिकडचा नियम तसा होता.

त्याच्याही अर्जावर दोन सह्या झाल्या. तिसऱ्याच्या घरी गेलो तर दाराला कडी. शेजारीण म्हणाली, तो ताप्ती लाईनच्या रेल्वेनं सुरतेला गेला, उधन्याला कुठं लूमवर लागलाय. बिऱ्हाड हलवायचा खर्च त्यानं बायकोच्या डोरल्यातून भागवला. फोन लावला तर मागं लूमचा खडखडाट. म्हणाला, "आखाजीला येतो भाऊ, तव्हा करतो सही. कागद भिजू देऊ नका."