भूरीबाईंबद्दल फिरणाऱ्या त्या मेसेजबद्दल

आपल्या रामबागच्या ग्रुपवर कालपासून तो मेसेज फिरतोय, की इंदूरला बिल्डिंगवर विटा उचलणाऱ्या भूरीबाईंना कुणीतरी ब्रश दिला आणि कधी चित्र न काढलेल्या बाईला एका रात्रीत पद्मश्री मिळाली. मंडळी, बाई खऱ्या, गरिबीही खरी, पण बाकी बरंच चुकलंय.

एक तर इंदूर नाही, भोपाळ. भूरीबाई आपल्या झाबुआकडच्या पिटोल गावच्या, भिल्ल समाजाच्या, आणि भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्राचं बांधकाम चालू होतं तिथे मजुरीला होत्या, रोज 6 रुपये. तिथे चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना चित्रं काढायला सांगितलं, तर त्यांना काळजी पडली की मग मजुरीचं काय, तेव्हा ते म्हणाले दिवसाचे 10 देतो. आणि "कधी चित्र न काढलेली" हे तर मला फारच लागलं, कारण लहानपणापासून त्या घराच्या मातीच्या भिंती गेरू, खडू, हळदीने रंगवायच्या, हात तयारच होता हो, नवीन होते ते फक्त कागद आणि बाजारचे रंग!

आणि एका रात्रीत कसलं, भारत भवन सुरू झालं 1982 ला, पद्मश्री जाहीर झाली 2021 ला, मधे जवळजवळ चाळीस वर्षं काम आहे.

शिवाय मेसेजमधला फोटो उमरियाच्या चित्रकार जोधैयाबाई बैगांचा आहे, त्यांना 2023 ची पद्मश्री, त्या वेगळ्या. प्लीज, ज्यांनी पुढे पाठवलाय त्यांनी हेही पाठवा.